आपल्या मुलामुलींसाठी नवा मार्ग : डेटा सेंटरच्या धंद्यातली वकिली



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, ठिबकवरची खते आणि हुमणीचा बंदोबस्त यांबद्दल लिहीत असतो. या अंकात विषय निराळा घेतला आहे. वरणगाव गटात ऊस नोंदीला बांधावर गेलं की उसाचं बोलणं पाच मिनिटांत आटोपतं आणि मग मुलांचं निघतं. पोरगी बारावी झाली, पोरगा बी.ए. करून घरी बसला, पुढं काय शिकवावं? वाटण्या होत होत जमीन दोन-तीन एकरांवर आली आहे. तेवढ्यावर दोन भावांचे दोन संसार चालणार नाहीत, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून एका नव्या वाटेची माहिती आज देत आहे.

वकील म्हटला की आपल्यासमोर भुसावळचं नाहीतर जळगावचं कोर्ट, काळा कोट आणि तारखांवर तारखा येतात. त्या वकिलीतही खानदेशाचं नाव मोठं आहे. पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील यांनी जळगावच्या न्यायालयात वकिली केली. सरकारी वकील म्हणून देशभर नाव झालेले उज्ज्वल निकम जळगावचेच. पण वकिलीची आणखी एक शाखा आहे, तिच्यात कोर्टाची पायरी क्वचितच चढावी लागते. कागद वाचणं, करार लिहिणं आणि परवानग्या मिळवणं हेच तिथलं काम. डेटा सेंटर या धंद्याला असे वकील लागतात. आणि माझं म्हणणं असं की, ज्या घरात सातबारा, फेरफार आणि वीजबिल यांवरून रोज चर्चा होते, त्या घरातल्या मुलाला या कामाचा पाया आधीच मिळालेला असतो.

डेटा सेंटर म्हणजे काय?

आपण मोबाईलवर सातबारा पाहतो, बँकेतून पैसे पाठवतो. ही सारी माहिती मोबाईलमध्ये साठलेली नसते. ती कुठल्यातरी इमारतीत, सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकांत ठेवलेली असते. हजारो सर्व्हर कपाटांत ओळीनं मांडून ते रात्रंदिवस चालू ठेवणारी इमारत म्हणजे डेटा सेंटर. त्या कपाटाला रॅक म्हणतात.

आपल्याकडचं केळी पिकवण्याचं रायपनिंग चेंबर डोळ्यांसमोर आणा. माल दुसऱ्याचा, खोली आपली. वीज आणि थंडावा यांची हमी आपण द्यायची आणि त्याचं भाडं घ्यायचं. वीज गेली, जनरेटर चालला नाही, तर माल बिघडतो आणि भांडण उभं राहतं. डेटा सेंटरचा धंदा बहुतांशी असाच आहे. फक्त माल केळीऐवजी बँका, दवाखाने आणि सरकारी खात्यांची माहिती असतो.

महाराष्ट्रात हा धंदा मुख्यतः मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे वाढला. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँकांची मुख्य कचेऱ्या तिथे आहेत आणि वीज त्यामानाने भरवशाची आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली केंद्रं सुरू केली. ऐरोली, महापे, रबाळे या एमआयडीसीच्या पट्ट्यात अनेक कंपन्या आल्या. पनवेलला योट्टा कंपनीचं केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झालं, त्याची क्षमता ७,२०० रॅकची सांगितली जाते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ मेगावॅट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधांच्या यादीत घेतलं, म्हणजे रस्ते आणि वीज प्रकल्पांच्या पंगतीत बसवलं. त्यामुळे त्यांना दीर्घ मुदतीचं कर्ज मिळणं सोपं झालं. जिथं मोठं कर्ज आणि मोठं बांधकाम, तिथं वकील आलाच.

वकिलाचं काम नेमकं कुठं लागतं?

१. जमीन. कंपनीला जागा घ्यायची असली की पहिलं काम जमिनीच्या शोधाचं. साधारण ३० वर्षांची कागदपत्रं तपासून वकील सर्च रिपोर्ट देतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कुणाचं नाव आहे का, बोजा उतरला का, वारस नोंदीत बहिणींची नावं राहिली का, जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे का, रस्ता कुणाच्या गटातून जातो, हे सगळं पाहावं लागतं. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. औद्योगिक वापरासाठी सवलत आहे, पण ती अटींसह. एमआयडीसीत जागा विकत मिळत नाही, ती बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. मग त्या भाडेपट्ट्याची कलमं वाचावी लागतात. मुंबईत वाढलेल्या हुशार मुलाला भोगवटादार वर्ग २ म्हणजे काय ते पुस्तकात शिकावं लागतं. आपल्या मुलानं ते चुलत्याच्या वाटणीच्या वेळी ऐकलेलं असतं.

२. वीज. डेटा सेंटरच्या चालू खर्चात विजेचा वाटा फार मोठा असतो. दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. एकेका मोठ्या डेटा सेंटरच्या आवाराची मागणी आता कित्येक दहा मेगावॅटची असते, काहींची शंभराच्या पुढे जाते. ही वीज महावितरणसारख्या कंपनीकडून घ्यायची, की मुक्त प्रवेशानं दुसऱ्याकडून, की स्वतःच्या सौर प्रकल्पातून, हे वीज कायदा २००३ पाहून ठरवावं लागतं. स्वतःच्या वापराचा प्रकल्प म्हणायचा तर २००५ च्या नियमांप्रमाणे वापरणाऱ्यांची किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी वापरायला हवी. ही अट पुरी झाली तर क्रॉस सबसिडीचा अधिभार लागत नाही. अट चुकली तर सवलत जाते. सहकारी संस्थेच्या बाबतीत हीच अट सर्व सभासदांनी मिळून पुरी करायची असते. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीतली जादा वीज विकण्याचे करार ज्यानं वाचले, त्याला डेटा सेंटरचा वीज करार परका वाटणार नाही. दर, मुदत, वीज कमी पडली तर काय आणि वाद झाला तर आयोगाकडे कसं जायचं, ही कलमं दोन्हीकडे येतातच.

हे काम फक्त मुंबईतच आहे असंही नाही. सौर आणि पवन प्रकल्प जमिनीवर उभे राहतात आणि ती जमीन जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत. अशा प्रकल्पांसाठी जमिनीचे भाडेपट्टे, वारसांच्या सह्या आणि वहिवाटीचे वाद हे सगळं स्थानिक वकिलाकडेच येतं.

३. सेवा-हमीचा करार. डेटा सेंटर ग्राहकाला लिहून देतं की वर्षात अमुक इतका वेळ यंत्रणा चालू राहील. आकडे दिसायला सारखे असतात, पण गणित करून पाहा. वर्षाचे तास ८,७६०. ९९.९ टक्के हमी म्हणजे वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद चालेल. ९९.९९ टक्के हमी म्हणजे सुमारे ५३ मिनिटं. दशांश चिन्हापुढे एक नऊ वाढला आणि पावणेनऊ तासांची सूट तासाच्या आत आली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज काही तास गेली होती. अशा दिवशी बाहेरची वीज गेली हा दैवी कोप धरायचा, की जनरेटरची तयारी ठेवणं ही कंपनीचीच जबाबदारी, भाडं किती माफ करायचं, आणि ग्राहकाचं झालेलं नुकसान भरायचं का, हे सगळं करारातल्या चार ओळींवर ठरतं. त्या चार ओळी लिहिणं हे वकिलाचं काम.

हे आपल्याला नवं नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर सालाना १५ टक्के व्याज, हे प्रत्येक सभासदाला पाठ असतं. मुदत काय आणि मुदत चुकली तर दंड काय, हे दोन प्रश्न आपण रोज विचारतो. करार कितीही जाड असला तरी त्याचा कणा हेच दोन प्रश्न असतात.

४. माहितीचे कायदे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी लागू करण्याची तरतूद नियमांत ठेवली आहे. माहिती नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याची गंमत अशी की माहिती दुसऱ्याच्या इमारतीत ठेवली तरी ती गोळा करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. म्हणून प्रत्येक बँक आणि प्रत्येक दवाखाना डेटा सेंटरशी करार करताना जबाबदारी कुणाची किती, यावर आठवडेच्या आठवडे घासाघीस करतो.

याशिवाय रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं की पैसे देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची खबर ६ तासांच्या आत द्यावी लागते, आणि डेटा सेंटरना ग्राहकांची नोंद ५ वर्षं ठेवावी लागते. हा विषय आपल्या सहकारापासून लांब नाही. पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले होते. साखर कारखान्यांकडेही सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि क्षेत्राच्या नोंदी असतात. त्या सांभाळण्याची जबाबदारी कायद्यानं कारखान्यांवरही येते. तेव्हा उद्या या कायद्याचा जाणकार कारखाने, बँका, पतसंस्था आणि दूध संघांनाही लागणार आहे.

५. पाणी, हवा आणि डिझेल. सर्व्हर तापतात, ते थंड ठेवायला वीज आणि काही ठिकाणी भरपूर पाणी लागतं. २०,००० चौरस मीटर वा त्याहून जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि डिझेलच्या साठ्याचा परवाना हेही पाहावं लागतं. मंडळाचे कागद कसे असतात, ते डिस्टिलरी असलेल्या कोणत्याही कारखान्याला विचारा!

शिक्षणाची वाट

दोन रस्ते आहेत. बारावीनंतर ५ वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, किंवा कोणतीही पदवी घेऊन त्यानंतर ३ वर्षांचा एलएल.बी. दोन्हींसाठी बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी. ॲग्री झालेल्या मुलालाही ३ वर्षांचा रस्ता खुला आहे. दहावीनंतरच्या कृषी पदविकेवर मात्र प्रवेश मिळत नाही, हे पदविकाधारकांनी ध्यानात घ्यावे.

राज्यातल्या कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते आणि ती मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा असून ती इंग्रजीतून होते. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. जळगावला मणियार विधी महाविद्यालय आहे, पुण्याला १९२४ सालचं आयएलएस आणि मुंबईला १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय आहे. घरून जाऊन-येऊन जळगावला शिकलेल्या मुलाला हा धंदा बंद नाही. मात्र सुट्टीत मुंबई-पुण्याच्या वकिली फर्ममध्ये उमेदवारी मिळवण्यासाठी त्याला जास्त खटपट करावी लागेल.

फीसाठी महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना पाहाव्यात. ज्या घरांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, तिथल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज त्यात बसतं का, हे प्रवेशाआधी कॉलेजात विचारून घ्यावे.

पदवी झाली की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते आणि पुढे अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे की नोंदणीसाठी कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. ती खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये इतकीच आहे.

कॉलेजात असताना तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, करार कायदा १८७२ आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२. हे दोन जुने कायदे ज्याला येतात त्याचं अर्धं काम झालं. दुसरी, वीज कायदा आणि माहिती संरक्षण कायदा मूळ पुस्तकातून वाचणं, गाईडमधून नव्हे. तिसरी, इंग्रजी. हे करार इंग्रजीतच असतात. रोज एक पान करार वाचून त्याचा अर्थ मराठीत लिहून काढायची सवय लावली, तर दोन वर्षांत फरक पडतो.

सभासदांच्या मनात येतील अशा शंका

नोकरी हमखास मिळेल का?

नाही. डेटा सेंटर बांधून झालं की त्यात माणसं थोडीच लागतात आणि कंपनीतल्या कायदा अधिकाऱ्यांच्या जागा तर बोटांवर मोजण्याइतक्या. बरंचसं काम बाहेरच्या वकिली फर्मकडे जातं. म्हणून मुलानं डेटा सेंटर हेच एक दार धरून बसू नये. जमीन, वीज आणि करार हे तीन विषय पक्के असले, तर सौर प्रकल्प, गोदामं, बँका आणि साखर कारखाने या सगळीकडे तेच ज्ञान चालतं. हे तर आंतरपिकासारखं आहे. एक गेलं तरी दुसरं हाती राहतं.

कंपनीत नोकरी करून कोर्टातही वकिली करता येईल का?

पगारी, पूर्णवेळ नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली थांबवावी लागते आणि तसं बार कौन्सिलला कळवावं लागतं. नोकरी सुटली की सनद परत चालू करता येते. हे न सांगता दोन्ही चालवू म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

किती वर्षांनी हातात पैसा येतो?

सुरुवातीची तीन-चार वर्षं शिकण्याचीच धरावीत. पहिल्या वर्षी पगार कमी आणि काम जास्त असतं. आडसाली उसासारखी थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

जमीन विकून शिकवावं का?

माझं स्पष्ट मत, नको. शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि जळगावचं कॉलेज हे मार्ग आधी पाहावेत. डोनेशन घेऊन प्रवेश देतो किंवा नवी मुंबईत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. प्रवेश सीईटीच्या गुणांवर आणि अधिकृत फेऱ्यांमधून होतात.

हे सगळं आपल्या कामाचं कसं?

आपल्या भागानं हतनूर धरण पाहिलं, आयुध निर्माणी पाहिली, दीपनगर पाहिलं. मोठं काम आलं की आधी कागद येतो आणि मग यंत्रं येतात. त्या कागदावर काय लिहिलं आहे हे सही करणाऱ्याला समजलं पाहिजे. पण बहुतेक वेळा कागद समोरच्याच्या वकिलानं लिहिलेला असतो आणि आपण फक्त खूण केलेल्या जागी सही करतो. आपल्या घरातला एक जरी मुलगा किंवा मुलगी या कामात तयार झाली, तर तिचा संसार तर उभा राहीलच, शिवाय उद्या सौर कंपनीचा भाडेपट्टा गावात आला, तर टेबलाच्या अलीकडच्या बाजूलाही कागद वाचणारं कुणीतरी बसलेलं असेल.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींना विनंती अशी की, बारावी किंवा पदवीच्या वर्षात असलेल्या मुलामुलींसमोर आपल्या घरचा सातबारा, आठ-अ, शेवटचा फेरफार आणि कारखान्याशी केलेला ऊस नोंदणीचा करार ठेवावा. एकेक रकाना आणि एकेक कलम त्यांना मोठ्यानं वाचून अर्थ सांगायला लावावा. अर्थ सांगताना ज्याचे डोळे चमकतील, ज्याला "हे असंच का?" असा प्रश्न पडेल, त्याला या वाटेला जरूर पाठवावं. ज्याला कंटाळा येईल त्याला बळजबरी करू नये, त्याच्यासाठी दुसरी वाट शोधू.

पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे खोडवा उसातील पाचट व्यवस्थापन. पाचट जाळू नये, एवढं आताच सांगून ठेवतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी, वरणगाव गट